मदत हवी आहे : जुन्या पाळण्याचा रंग कसा काढावा?

दोन महिन्यांत घरी बाळ येतंय. खोलीसाठी 5,000 रुपयेच बाजूला काढलेत. आजीने जुन्या सुती लुगड्यांची दुपटी आणि गोधडी शिवली, पाळण्यावर टांगायचं चिमणाळं मी लोकरीचं विणलं. घर भाड्याचं, भिंतीला खिळा ठोकता येत नाही, म्हणून तोरणं चिकटपट्टीवरच.

अडलंय ते पाळण्यापाशी. पुण्याच्या जुन्या बाजारातून 1,800 रुपयांना सागवानी पाळणा आणला. सांधे घट्ट आहेत, दांड्यांमधलं अंतर 5 सेंमी, म्हणजे डोकं अडकायची भीती नाही. पण त्यावर हिरव्या ऑइलपेंटचे निदान तीन थर आहेत. नख लावलं की पोपडा निघतो, खाली पिवळा, त्याखाली लाल. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली आणि हा पाळणा त्याच्या कितीतरी आधीचा आहे. बाळं कठडा चावतातच, म्हणून जीव धास्तावलाय.

साबणाच्या पाण्याने दोनदा धुतला, ऊन दिलं. पॉलिश पेपर हातात घेतला होता, पण शिशाची धूळ उडेल म्हणून लगेच थांबले. वरून नवा रंग मारणं मला पटत नाही, पोपडे आतून सुटणारच. सुताराने 2,500 सांगितले, तोही कोरडंच घासणार. रिमूव्हरच्या (रंग सोडवायच्या रसायनाच्या) वासाची घरात भीती वाटते. मी स्वतः हात लावणार नाही, काम दिराकडून गच्चीवर करून घेईन.

रंगात शिसं आहे का, हे पुण्यात कुठे तपासून मिळेल? आणि असलंच, तर धूळ न उडवता तो काढून घेतलेला पाळणा तुमच्यापैकी कोणी वापरलाय का?