मदत हवी आहे: डॉक्टरांचा गट बैठकीलाच येत नाही

कोरडा_पाऊस:
आमच्या रुग्णालय समूहाने गेल्या वर्षी सर्जन लोकांच्या एका स्वतंत्र गटाशी करार केला. सुरुवातीला सगळं गोडीगुलाबीत. आता दोन महिने बैठकीला एकही जण फिरकत नाही, मेलला उत्तर फक्त 'पाहिलं'. विश्वास परत कसा मिळवायचा? सोमवारी वरिष्ठांना आराखडा द्यायचाय. 'संवाद वाढवा' छाप सल्ले कृपया नकोत.

निवृत्त_भूलतज्ज्ञ:
दोन महिन्यांपूर्वी काय झालं? आणि तुम्ही कोण, प्रशासन?

उनाड_सायकल:
मोबदला बघा. अमेरिकेत मेडिकेअरने (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) १९९२ पासून डॉक्टरांचे दर आरव्हीयूच्या, म्हणजे प्रत्येक उपचाराला दिलेल्या गुणांच्या, मापाने ठरवायला घेतले, पुढे बऱ्याच रुग्णालयांनी पगारही त्यावरच बांधले. मग बैठकीत घालवलेला तास म्हणजे बुडीत खातं. मेयो क्लिनिकसारखा ठरलेला पगार द्या, प्रश्न मिटला.

निवृत्त_भूलतज्ज्ञ:
अहो, गट स्वतंत्र आहे, पगार कुठला? धागा वाचा की.

उनाड_सायकल:
वाचलाय. पैसा हाच मुद्दा, बाकी मुलामा.

कोरडा_पाऊस:
हो, प्रशासन. तसं विशेष काही झालं नाही. ओटी (शस्त्रक्रियागृह) उशिरा सुरू होते त्याचा तक्ता लावला, नावांसकट. आकडे आमच्याच सिस्टीममधले आहेत.

निवृत्त_भूलतज्ज्ञ:
याला तुम्ही 'विशेष काही नाही' म्हणता! उशीर कशामुळे, हे होतं का त्यात? आमच्याकडे पहिली केस अडायची ती सीएसएसडीतून (उपकरणं निर्जंतुक करणारा विभाग) उपकरणांचा ट्रे न आल्याने, नाहीतर संमतीपत्रावरची सही राहिल्याने. बोल मात्र सर्जनला.

मधली_सुट्टी:
मेलची पोचपावती हवी असेल तर सेटिंगमध्ये सोय असते. आमच्याकडे फार उपयोग झाला.

कोरडा_पाऊस:
कारणाचा रकाना आहे. पण सिस्टर घाईत यादीतला पहिलाच पर्याय टिचकवतात. पहिला पर्याय 'सर्जन उशिरा'.

उनाड_सायकल:
😀😀

निवृत्त_भूलतज्ज्ञ:
आजच्या आज तक्ता उतरवा. गटातले दोघं आणि ओटीच्या इनचार्ज सिस्टर यांना बसवून त्या केसेसची कारणं नव्याने लावून घ्या. ट्रेमुळे उशीर निघाला तर सीएसएसडीचं नावही तेवढ्याच ठळक छापा. आणि सोमवारचा आराखडा वरिष्ठांच्या आधी गटाला दाखवा.

कोरडा_पाऊस:
उतरवला तर वरिष्ठ म्हणतील, चूक कबूल केली.

उनाड_सायकल:
मग करा की कबूल. (मोबदला तरीही बघाच.)

कोरडा_पाऊस:
तक्ता काढला. सीएसएसडीचं रजिस्टर मागवलं, तर त्यात ट्रे पाठवल्याची वेळ कोणी लिहितच नाही म्हणे.