जाहिरातीत भेटलेले कवी

सांजवात: लेकाच्या जीन्सची घडी घालताना 2009 आठवलं. आम्ही अमेरिकेत न्यू जर्सीत, नवऱ्याची नोकरी नुकतीच गेलेली. टीव्हीवर लीव्हाईजची जाहिरात लागली. काळीपांढरी, पाण्यात अर्धी बुडालेली 'अमेरिका' अशी निऑनची पाटी आणि मागे कुणा म्हाताऱ्याचा खरखरता आवाज. वाटलं टीव्हीच गेला! तर तो म्हणे एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमन, मेणाच्या नळकांड्यावर रेकॉर्ड केलेला. एमएला याच बाबाने माझे मार्क खाल्लेले. ऐकत उभी राहिले आणि तव्यावरच्या पोळीचा पापड झाला. नवऱ्याने तोच मुकाट्याने खाल्ला.
तुम्हाला कोण भेटलं असं?

खारीक: 2014, आयपॅडची जाहिरात, नट रॉबिन विल्यम्सच्या आवाजात व्हिटमनच. लगेच आयपॅड घेतला. कविता अजून वाचायचीय. आयपॅडवर सासूबाई मालिका बघतात.

अर्धाकप: कवी रॉबर्ट फ्रॉस्ट. 2000 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलला, मॉन्स्टर डॉट कॉम या नोकऱ्यांच्या साइटने 'द रोड नॉट टेकन' वापरली, का तर नोकरी शोधा. पुढे सीबीएसई नववीत लेकीला तीच कविता. शिकवताना पहिल्यांदा नीट वाचली. शेवटी कमी मळलेली वाट घेतली म्हणतो, पण आधी दोन्ही वाटा जवळपास सारख्याच झिजल्यात असं तो स्वतःच सांगतोय की! जाहिरातवाल्यांनी ते कडवं बरोबर गाळलं असणार, असं मी लेकीला ठोकून दिलं. मग जाहिरात पुन्हा बघितली. ओळी आहेत त्यात. तोंडावर पडलो.

कोकमसार: कवितेवर पँटी विकायच्या! मेलेल्या माणसाला विचारतंय कोण.

रिकामटेकडा: व्हिटमनला चाललं असतं हो. 1855 ला स्वतःच्या पुस्तकाची परीक्षणं निनावी स्वतःच लिहिली. तेव्हाचा बडा लेखक इमर्सन, त्याने खाजगी पत्रात पाठ थोपटली, तर याने त्यातलं कौतुकाचं वाक्य पुढच्या आवृत्तीच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत छापलं. न विचारता.

कोकमसार: हाहाहा, मग शब्द मागे.

मोरावळा: न्यू जर्सीतच कॅमडेनला व्हिटमनचं शेवटचं घर आहे. पोरं मत्स्यालयात रमली, मी तेवढ्यात दाराला हात लावून आले. बाकी तिकडे मिसळ कुठे बरी मिळते?

खारीक: एडिसन गावात. व्यनि करते.

अर्धाकप: सांजवात, नवऱ्याला नोकरी लागली का मग?

सांजवात: लागली हो, सात महिन्यांनी! ती जीन्स मात्र तेव्हा परवडली नाही. घरात पहिली आली ती ही, लेकाची. आणि गुडघ्यावर फाटकीच घेतलीय गाढवाने.