सेरोटोनिन कमी म्हणून कुत्रा चावरा?

पायवाट: आमचा कुत्रा अनोळखी माणूस दिसला की अंगावर धावून जातो. नसबंदी करूनही फरक नाही. आता डॉक्टरांनी फ्लुओक्झेटिनच्या गोळ्या लिहून दिल्यात, मेंदूतलं सेरोटोनिन हे निरोप्या रसायन वाढवायला. पण आक्रमकपणा टेस्टोस्टेरॉन या नर संप्रेरकामुळे येतो ना? गोळ्या देऊन त्याला गुंगीत ठेवायची माझी इच्छा नाही.

रातकिडा: प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा आहे. सगळं खापर टेस्टोस्टेरॉनवर फोडू नका. उत्तर अमेरिकेतले साँग स्पॅरो पक्षी हिवाळ्यात, रक्तातलं टेस्टोस्टेरॉन नगण्य असतानाही हद्दीसाठी भांडतात. तुमचा कुत्रा भीतीपोटी धावून जात असेल, तर नसबंदीने ती भीती कशी जाईल?

सेरोटोनिनचं गणितही सरळ नाही. ऱ्हीसस माकडांत ज्या नरांच्या मेंदूभोवतालच्या द्रवात सेरोटोनिनच्या विघटनातून उरणारं द्रव्य कमी सापडतं, ते झाडांवरून धोकादायक लांब उड्या मारतात आणि साधी कुरबुर जिवावर बेतेपर्यंत ताणतात. मी त्यांना आक्रमक नाही, उतावळे म्हणेन. कुठे थांबायचं तेच त्यांना उमगत नाही. उलट क्रेफिश बघा, शेवंडांचे हे गोड्या पाण्यातले भाऊबंद. हरलेल्याला सेरोटोनिन टोचलं की तो माघार सोडून पुन्हा भिडतो. उंदरांतही सेरोटोनिन मोडणाऱ्या एका विकराचं (एन्झाइमचं) जनुक निकामी केलं, तेव्हा मेंदूत सेरोटोनिन भरपूर साठलं आणि नर जास्त चावरे झाले. ते रसायन कुठल्या पेशींवर, कुठल्या ग्राहीवर (पेशीवर ते जिथे जाऊन बसतं त्या जागेवर) काम करतंय, यावर सगळं ठरतं.

कोवळं_ऊन: भर घालतो. २०११ साली उंदरांच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातल्या पेशींचा एक छोटा पुंजका प्रकाशाने चेतवला, तर नर हवा भरलेल्या हातमोज्यावरसुद्धा तुटून पडले!

पायवाट: मग गोळी देऊ की नको?

रातकिडा: द्या. हे गुंगीचं औषध नाही. सुरुवातीला थोडी सुस्ती येऊ शकते, पण उतावळेपणा कमी होऊन त्याला शिकायला उसंत मिळावी हा हेतू असतो. परिणाम दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर अनोळखी माणसांपासून तो शांत राहील इतक्या अंतरावर ठेवा, ओरडू नका, मारू तर अजिबात नका. भूक फार मंदावली किंवा चिडचिड वाढली तर लगेच डॉक्टरांना कळवा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका.