अ‍ॅडमिशन घेतली म्हणजे तिथेच शिकायला हवं असं आहे का?

फोंडेकर:
भाचीने जूनमध्ये जवळच्याच एका कॉलेजात सीट घेतली, फी भरली, बारावीची ओरिजिनल मार्कशीट पण देऊन आली आणि आता जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या सीटा वाटणाऱ्या काउन्सेलिंगच्या, शेवटच्या राउंडला तिला सुरतकलच्या एनआयटीत हवी ती ब्रँच लागली, तर ऑफिसातला माणूस म्हणतो नाव काढता येणार नाही, सही केलीय तुम्ही. सीट घेतली म्हणजे चार वर्षं लिहून दिली काय? यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, ऑक्टोबर 2018 मध्येच सांगितलंय की ओरिजिनल कागद ठेवून घ्यायचे नाहीत. 2024-25 ला तर 30 सप्टेंबरपर्यंत नाव काढणाऱ्याला पूर्ण फी आणि 31 ऑक्टोबरपर्यंत फार तर 1000 रुपये कापून बाकीची परत, असा नियम होता. पोरीने चांगलं कॉलेज सोडायचं कशाला?

डिचोलीची आई:
फीचा नियम बरोबर आहे हो, पण माझा मुलगा वेटिंग लिस्टवर होता. रोज ऑफिसच्या काचेवर लावलेल्या यादीत आपला नंबर वर सरकला का ते बघून यायचा, शेवटी कंटाळून आम्ही दुसरीकडे घातला आणि नंतर कळलं की त्याच वर्गात जागा रिकाम्या राहिल्या कारण दुसरीकडे गेलेल्या पोरांनी कळवलंच नाही. फी परत मिळते म्हणून हात झटकायचे? सीट घेताना तुम्ही हो म्हणता, आणि त्या होवर दुसऱ्या घरातला पोर अडकून राहतो. मला तरी हे बंधनच वाटतं.

पेडण्याचा मास्तर:
दोघांचंही थोडं थोडं पटतं पण आधी कुठली सीट ते बघा, सगळीकडे एकच कायदा नाही. जोसात फ्रीझ (मिळाली तीच सीट पक्की), फ्लोट (सीट ठेवून कुठल्याही वरच्या पसंतीची वाट बघायची), स्लाइड (त्याच कॉलेजात वरच्या पसंतीच्या ब्रँचची वाट बघायची) आहे, शेवटच्या राउंडच्या आधी विथड्रॉ करता येतं. पण आयआयटीची सीट घेऊन वेळेत विथड्रॉ केली नाही तर पुढच्या वर्षी जेईई अ‍ॅडव्हान्स्ड देता येत नाही, हे आमच्या कितीतरी पोरांना ठाऊकच नसतं. मेडिकलचं आणखी कडक. नीटच्या ऑल इंडिया काउन्सेलिंगला तिसऱ्या राउंडची सीट जॉइन केली की सोडता येत नाही. तिथे बंधन आहे, आणि असायलाच हवं, बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात एक जागा वाया जाणं म्हणजे एक डॉक्टर कमी. साध्या डिग्री कॉलेजला तसं काही लागू नाही.

फोंडेकर:
मास्तर, मेडिकलचं मान्य. ताई, तुमच्या मुलाचं वाईट वाटलं, न कळवता गायब होणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. पण त्यासाठी मार्कशीट अडकवून ठेवायची हा उपाय नव्हे, पोरं घाबरून आणखी गप्प बसतात. जो कळवतो त्याला पटकन मोकळा करा, म्हणजे जागा पण पटकन मोकळी होते.

पेडण्याचा मास्तर:
तोंडी सांगून येऊ नका. लेखी अर्ज द्या, तारखेसकट, आणि तुमच्या कॉपीवर इनवर्डचा शिक्का घ्या. फी अडली की तोच कागद लागतो.

डिचोलीची आई:
मार्कशीट अडकवू नये हे बरोबर. बंधन नाही हे मात्र मला अजून पटलेलं नाही. तरी भाचीला जायचंच असेल तर अर्ज सोमवारवर टाकू नका, उद्याच द्या, तिच्या मागच्या नंबरवालं पोर अजून थांबलेलं असेल.