'रेट्रो' खेळणारा माणूस 'स्मरणरंजन' करतो का?

चर्चाप्रस्ताव

गेल्या महिन्यात वाशीहून आलेला माझा भाचा आणि मी, ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरी, माळ्यावरून काढलेला जुना टीव्ही गेम लावून बसलो होतो. मध्येच तो म्हणाला, "मामा, तुझ्यासारख्यांना पेपरात 'स्मरणरंजनात रमलेले' म्हणतात ना?" मी तत्काळ 'नाही' म्हणालो, परंतु का नाही हे समजावून सांगताना मला नेमका शब्द सापडेना, म्हणून हा विषय येथे चर्चेला ठेवत आहे. 'नॉस्टॅल्जिया'साठी 'स्मरणरंजन' हा शब्द आता पुरवण्यांतून, जाहिरातींतून आणि दूरचित्रवाणीच्या निवेदनांतून इतका रुळला आहे की जुन्या वस्तूविषयी कोणी आस्थेने चार वाक्ये बोलला की तो त्याला चिकटवला जातो. शब्द उत्तम आहे, परंतु त्याला स्वतःचा निश्चित अर्थ आहे, आणि जुने खेळ जुन्याच यंत्रावर खेळणाऱ्या माणसाच्या अंगाला तो बसत नाही, असे माझे म्हणणे आहे.

आधी मूळ पाहू. 'रंजन' हा शब्द संस्कृतातील 'रञ्ज्' या धातूपासून आला. त्याचा अर्थ रंगणे, रंगवणे आणि त्यावरून प्रसन्न करणे. 'रंग', 'रंजक', 'मनोरंजन', 'अनुरक्त' ही सारी त्याच घरची मंडळी. तेव्हा स्मरणरंजनात आठवण हे साधन असते आणि मनाचे रमणे हे साध्य. आठवणीवर थोडा रंग चढला तरी चालते, किंबहुना तो चढावा अशीच अपेक्षा असते. 'नॉस्टॅल्जिया'चा जन्म मात्र रमण्यातून झालेला नाही. १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या स्विस विद्यार्थ्याने, घरापासून दूर राहिल्याने खंगत जाणाऱ्या माणसांच्या आजाराला नाव म्हणून बाझेल येथील आपल्या प्रबंधात तो घडवला. ग्रीक 'नोस्टोस' म्हणजे घरी परतणे आणि 'आल्गोस' म्हणजे वेदना. मुळात तो स्थळाचा शब्द होता, काळाचा नव्हे. आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळचा शब्द शोधायला कोशात जावे लागत नाही; सासरी नांदणाऱ्या बायकांच्या बोलण्यात तो होताच, तो म्हणजे माहेरची ओढ. परंतु माहेरी पंचमीला जाता येते. १९९४ सालच्या मे महिन्याच्या सुट्टीत कोणालाच परत जाता येत नाही. तेथे 'ओढ' अपुरी पडते आणि 'गतकातर' हा शब्द उपयोगी पडतो. 'कातरवेळ' म्हणताना मनात जो हळवेपणा येतो, जी किंचित भीती येते, ती गेलेल्या काळाविषयी वाटणे म्हणजे गतकातरता. तिच्यात रंजन नाही, दुखरेपणा आहे. या दोन शब्दांची सरमिसळ करू नये, ही माझी पहिली विनंती.

आता अनुभव सांगतो. सुपर मारिओ ब्रदर्स या खेळाचे पहिल्या टप्प्यातील संगीत माझ्या आठवणीत संथ होते. पुढे इंटरनेटवर त्याचे ध्वनिमुद्रण ऐकले, तर ते चांगलेच जलद निघाले. लहानपणीच्या दुपारी आपण मनात लांबवल्या आणि त्यांच्याबरोबर सूरही लांबवले, अशी मी स्वतःची समजूत घातली. म्हणजे भाच्याच्या शब्दांत ते माझे स्मरणरंजनच ठरले असते. त्या दिवशी आम्ही जुने यंत्र पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला जोडले, शेजारी त्याच्या फोनवर ते ध्वनिमुद्रण लावले आणि दोन्ही एकाच क्षणी सुरू होतील असे पाहिले. पहिली ओळ संपण्याआधीच फोन पुढे निघून गेला. कारण सरळ आहे. १९८५ साली हा खेळ निंटेंडो या जपानी कंपनीच्या ज्या फॅमिकॉम यंत्रासाठी लिहिला गेला, ते जपानमधील टीव्हीच्या पद्धतीप्रमाणे पडद्यावर सेकंदाला सुमारे ६० वेळा चित्र उमटवत असे, आणि पात्रांची चाल व संगीत त्याच ठेक्याला बांधलेले होते. भारतातील दूरचित्रवाणीची पाल पद्धत सेकंदाला ५०ची. त्या पद्धतीच्या यंत्रावर ६०च्या ठेक्याचा खेळ चालवला की तो त्याच प्रमाणात मंदावतो; एका मिनिटाची धून ७२ सेकंद चालते. आम्ही ठाण्यात जे ऐकत होतो ते खरोखरच संथ होते. माझ्या आठवणीवर रंग चढलेला नव्हता, ती अचूक होती, आणि यंत्र जपून ठेवले होते म्हणूनच ते पडताळून पाहता आले. या खटाटोपाला 'रंजन' म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्याला 'जतन' म्हणावे, आणि ज्याने पडताळा घेतला त्याला, हवे तर, चिकित्सक म्हणावे.

जुना जाडजूड टीव्ही बाळगण्यामागेही भावना हेच एक कारण नसते. पडद्यावरची बदके टिपायच्या 'डक हंट' या गेमची बंदूक घ्या. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतील प्रकाशसंवेदक तो चौकोन दिसला की नाही एवढेच पाहतो. म्हणजे गोळी बंदुकीतून सुटत नाही, प्रकाश बंदुकीत शिरतो. पिक्चर ट्यूबवर चित्र विनाविलंब उमटते म्हणून हा हिशेब जुळतो. आजचा सपाट टीव्ही चित्रावर आधी प्रक्रिया करतो आणि मग ते दाखवतो, त्यामुळे बंदुकीला वेळेवर काहीच दिसत नाही. हे भाच्याला दाखवले तेव्हा त्याने टीव्हीच्या पाठीवरून ज्या कुतूहलाने हात फिरवला, त्याला नॉस्टॅल्जिया म्हणता येणार नाही, कारण त्याला आठवण्यासारखे त्यात काहीच नव्हते. जुन्या खेळाची गोडी आठवणीशिवायही लागू शकते, हा मुद्दा माध्यमे नेहमी वगळतात.

'रंजन'चा मूळ अर्थ ज्यांना डोळ्यांनी पाहायचा असेल त्यांनी त्याच मारिओच्या खेळातील ढग आणि झुडपे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. आकृती एकच आहे; आकाशात ती पांढऱ्या रंगात ढग होते आणि जमिनीवर हिरव्या रंगात झुडूप. संपूर्ण खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवायचा असल्याने एकाच चित्राला दोन वेळा रंगवून काम भागवले गेले.

आता यंत्रात बसवायच्या गेमच्या पेटीला आम्ही जो 'कॅसेट' शब्द वापरत असू, त्याची बाजू मला मनापासून घ्यायची आहे. घंटाळीजवळच्या ज्या दुकानात आम्ही जात असू तेथे 'गेमच्या कॅसेट बदलून मिळतील' अशी पाटी होती, आणि ठाण्यात त्या वस्तूला दुसरे नाव मी कधी ऐकले नाही. आज जाणकार मंडळी दुरुस्ती करतात की त्यात फीत नसते, सबब 'कार्ट्रिज' म्हणा. वस्तू उघडून पाहिली तर फीत खरोखरच नसते. पिवळ्या प्लॅस्टिकच्या पेटीत तळहाताएवढी हिरवी पट्टी, मधोमध डांबरासारखा काळा थेंब, आणि खालच्या कडेला पितळी झाक असलेले ६० दात. परंतु 'कॅसेट' हा मुळात फ्रेंच शब्द आहे, त्याचा अर्थ छोटी पेटी असा होतो, आणि फितीशी त्याचा संबंध नंतर आला. त्याहून महत्त्वाचे असे की जपानमध्ये, फॅमिकॉमच्या जन्मभूमीत, या वस्तूला 'कॅसेट'च म्हणतात. निंटेंडोनेही 'रॉम कॅसेट' (रॉम म्हणजे फक्त वाचता येणारी स्मृती) हाच शब्द वापरला. म्हणजे घंटाळीचा दुकानदार चुकला नव्हता. ज्यांना 'कार्ट्रिज' हवेच असेल त्यांना सांगावेसे वाटते की त्या शब्दाचे भावंड मराठीत शेकडो वर्षे आहे. पोर्तुगिजांकडून आलेले आपले 'काडतूस' ते हेच. मी स्वतः 'कॅसेट' लिहितो आणि अनेकवचन 'कॅसेटी' करतो, कारण आमच्या घरात ते तसेच होत असे.

क्रियापदांकडे मात्र कोणाचेच लक्ष जात नाही, आणि तंत्रज्ञान बदलल्याची खरी खूण तीच आहे. आम्ही गेम 'लावत' होतो, जसा रेडिओ लावतात, टेप लावतात, विरजण लावतात. काहीतरी हाताने जागेवर बसवायचे आणि ते सुरू होण्याची वाट पाहायची. मग संगणक आला आणि गेम 'टाकू' लागलो. आता तो 'उतरवून' घेतो. भाच्याने त्या दिवशी निघताना म्हटले, "मामा, तो बदकांचा गेम माझ्या फोनमध्ये टाकून दे." नेमके तेच दोन शब्द आमच्या आईच्या तोंडी असत, "ते जुनं मशीन एकदाचं टाकून दे", आणि अर्थ अगदी उलटा. लावलेली कॅसेट काढून कपाटात ठेवता येते, मित्राला देता येते. उतरवलेल्या गेमवर आपला तसा हक्क राहत नाही. निंटेंडोने २७ मार्च २०२३ रोजी आपल्या दोन जुन्या यंत्रांची ऑनलाइन दुकाने बंद केली आणि तेथेच विकले जाणारे अनेक खेळ त्या दिवसापासून विकत घेणे अशक्य झाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या अभ्यासात, अमेरिकेत आलेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात उपलब्ध नसल्याचे आढळले. हे वाचून मला जे वाटते ती गतकातरता नव्हे, ती चिंता आहे. वस्तू डोळ्यांदेखत नाहीशी होत असताना तिला 'गत' म्हणण्याची घाई मी करणार नाही.

शेवटी 'रेट्रो'. लॅटिनमध्ये याचा अर्थ 'मागे, मागच्या दिशेने'. आज तो दोन निराळ्या गोष्टींना लावला जातो : खरोखर जुन्या खेळाला, आणि जुन्यासारखा दिसावा म्हणून नव्याने घडवलेल्या खेळाला. मराठीत हा भेद करायला आपल्याजवळ चोख शब्दप्रयोग आहे आणि तो सराफाच्या पेढीवर रोज ऐकू येतो. गोखले रोडवर पाटल्या घ्यायला जाणारी बाई 'जुन्या घडणीच्या दाखवा' म्हणते. तिला आजीच्या पाटल्या नको असतात, नव्या सोन्याच्या पण त्या घडणीच्या हव्या असतात. तेव्हा चौकोनी ठिपक्यांची चित्रे मुद्दाम वापरणाऱ्या नव्या खेळाला 'जुन्या घडणीचा खेळ' म्हणावे आणि माळ्यावरच्याला नुसते 'जुना' म्हणावे. 'अभिजात' हा शब्द मी सरसकट वापरणार नाही. जुन्या खेळांत सुमार खेळही पुष्कळ होते, आणि एकाच कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याचे सांगून त्याच चार खेळांची नावे पुन्हा पुन्हा छापणाऱ्या कॅसेटी मी स्वतः पैसे देऊन घेतल्या आहेत.

प्रतिसाद

मी बेलापूरला अनेक वर्षे मराठी शिकवले आहे. आपला मुद्दा मोलाचा आहे, तरी 'रंजन'वर आपण थोडा अन्याय केला आहे असे वाटते. 'प्रजारंजन' म्हणताना प्रजेला फसवणे अभिप्रेत नसते, तिला संतुष्ट करणे असते. रंगवणे म्हणजे खोटे करणे नव्हे. 'गतकातर' लिखाणात शोभतो, बोलताना मात्र तो कोणी म्हणत नाही. घरात आपण 'हुरहूर' म्हणतो आणि ती पुरेशी असते. शिवाय एक शंका. आमचा मुलगा लहानपणी गेम लागला नाही की कॅसेट तोंडाशी धरून तिच्यावर जोरात हवा सोडत असे. त्याला आपण 'फुंकर घालणे' म्हणाल की 'फुंक मारणे'?

उत्तर

बाई, 'प्रजारंजन'चे उदाहरण मान्य आहे आणि त्यामुळे माझे एक विधान मला मागे घ्यावे लागते : स्मरणरंजनात आठवण बिघडलीच पाहिजे असे नाही. त्यात हेतू रमण्याचा असतो, एवढेच मी म्हणेन, आणि माझा आक्षेपही तेवढ्यापुरताच ठेवतो. 'हुरहूर' मात्र मला पुढचीही वाटते, मागचीच नव्हे. निकालाच्या आदल्या रात्री हुरहूर लागते, मुलगी पहिल्यांदा वसतिगृहात जायला निघते तेव्हा लागते. म्हणून गेलेल्या काळासाठी ती वापरताना 'त्या दिवसांची हुरहूर' असे जोडून म्हणावे लागेल, आणि तसे म्हटले तर ती 'गतकातर'पेक्षा नक्कीच जवळची आहे.

आपल्या शंकेने मला बराच वेळ विचार करायला लावला. फुंकर हळुवार असते. ती भाजलेल्या बोटावर घालतात, आईने मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घातलेली असते. तीत बरे करण्याचा भाव असतो. फुंक जोराची असते, ती दिव्यावर किंवा चुलीत मारतात. कॅसेटला जे केले जाई त्याने काहीही बरे होत नसे. श्वासातील ओलाव्याने ते पितळी दात हळूहळू गंजत, आणि गेम लागत असे तो कॅसेट काढून पुन्हा नीट बसवली गेल्यामुळे. ते दात साफ करायचे तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेली कापसाची काडी फिरवून, पूर्ण वाळू देऊन मगच कॅसेट लावावी. मी आता तसेच करतो. म्हणून कॅसेटच्या बाबतीत मी 'फुंक मारणे' असेच लिहीन. आपल्या मुलाच्या कॅसेटी अजून घरात असतील, तर त्या लावण्याआधी दात हिरवट पडले आहेत का ते कृपया एकदा पाहावे.