बारवांवरच्या पुस्तकासाठी फोटो आणि रेखाचित्रं : सल्ला हवा

पायविहीर : नमस्कार मंडळी. लिंबची बारामोटेची विहीर, वालूरची चक्राकार बारव अशा पायऱ्यांच्या विहिरींवर छोटं पुस्तक करतोय. डेमी आकार, मॅपलिथो (बिनचकचकीत, शाई शोषणारा) कागद, एकरंगी छपाई. फोटो मोबाईलचे, काही जुन्या पुस्तकांतून स्कॅन केलेले, तलविन्यास (वरून पाहिल्यासारखे आराखडे) मित्राने पेनने काढलेत. प्रेसवाले म्हणतात, सगळं वर्डमध्ये टाकून पाठवा. पाठवू का?

खिळेजुळारी : मुळीच नको! वर्ड फोटो दाबून लहान करतं, व्हॉट्सअ‍ॅप त्याहून जास्त. मूळ फायली सुट्या द्या. छापायच्या मापाला 300 डीपीआय (इंचाला इतके ठिपके) धरा, म्हणजे चार इंच रुंदीला 1200 पिक्सेल. मोबाईलच्या मूळ फोटोत तेवढे आरामात असतात. पेनची चित्रं मात्र 1200 डीपीआयला, निव्वळ काळं-पांढरं स्कॅन करा. ग्रेस्केल (करड्या छटांत) केलीत तर रेघेवर ठिपके पडून कडा फुटतात.

खरी गोम मॅपलिथोची. शाई पसरते, कमानीतला अंधार म्हणजे नुसता काळा डाग. सावल्या उजळून घ्या, पडद्यावर फोटो थोडा फिका वाटला तरी चालेल. त्याच कागदावर एक फॉर्म (एकदम छापला जाणारा पानांचा गट) छापून दाखवा म्हणावं. कुरकुरतील, पण हट्ट सोडू नका.

ओवी : जुन्या पुस्तकातलं चित्र आधीच ठिपक्यांचं असतं, पुन्हा छापलं की जाळी दिसते. स्कॅनरमध्ये 'डीस्क्रीन' चालू करा. आणि परवानगी बघा हो दादा! नुसतं 'साभार' लिहून भागत नाही.

फोटोओळीत 'विहिरीचे विहंगम दृश्य' असलं काही नको, ते दिसतंच आहे. 'बारामोटेची विहीर, लिंब (जि. सातारा). पायऱ्यांवरून मुख्य विहिरीकडे पाहताना' असं लिहा. कुठे उभे होतात ते कळलं की वाचक तलविन्यासाशी जुळवून बघतो. फोटो कधीचा तेही द्या, पुढे डागडुजी झाली तर उपयोगी पडेल.

पायविहीर : आभार ताई. तलविन्यासाखाली 1:100 लिहिलंय, ते ठीक?

खिळेजुळारी : काढून टाका. मांडणीत चित्र लहान केलं की ते प्रमाण खोटं ठरतं. चित्रातच मीटरची पट्टी आणि उत्तरेचा बाण काढा, चित्राबरोबर पट्टीही लहान होते. मजकुरात 'खालील चित्र' नको, 'चित्र 7' म्हणा. फायलीचं नावही तेच ठेवा. चित्र कुठल्या पानावर जाईल ते मांडणी करणाऱ्यालाही आधी सांगता येत नाही.