चॉकलेट आवडीने खावे की आरोग्यासाठी?

निरामय : निरोगी आहारात चॉकलेटला जागा अवश्य असावी, परंतु ती आवडीचा पदार्थ म्हणून, हृदयाला हितकर म्हणून नव्हे. कोकोतील फ्लॅव्हनॉल्स या वनस्पतिजन्य घटकांमुळे रक्तवाहिन्यांची लवचिकता टिकण्यास मदत होते, हे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१२ मध्ये मान्य केले. मात्र त्यासाठी रोज २०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल्स पोटात जावी लागतात आणि बहुतेक वेष्टनांवर त्यांचे प्रमाण छापलेलेच नसते.

कोकोप्रेमी : मी असहमत आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॉसमॉस’ चाचणीत २१ हजारांहून अधिक ज्येष्ठ व्यक्ती सहभागी होत्या आणि रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल्स घेणाऱ्यांच्या गटात हृदयविकार व पक्षाघातासारख्या आजारांनी होणारे मृत्यू २७ टक्क्यांनी कमी आढळले. एवढा पुरावा बाजूला सारणे योग्य नाही.

निरामय : त्या चाचणीत चॉकलेट नव्हे, तर कोकोच्या अर्काच्या कॅप्सूल दिल्या होत्या, आणि हृदयरोगाच्या एकूण घटना कमी होतात का, या तिच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक आले नाही. मृत्यूंचा आकडा दुय्यम निष्कर्षांतला आहे. कॅप्सूलचे श्रेय साखर व मेद असलेल्या वडीला देणे मला मुळीच पटत नाही.

सारासार : वेष्टनावरच्या ‘७० टक्के कोको’ या शब्दांनीही फसगत होते, कारण त्या टक्केवारीत कोको बटर, म्हणजे कोकोतील मेदही धरलेला असतो आणि त्यात फ्लॅव्हनॉल्स जवळजवळ नसतात. शिवाय कडवटपणा कमी करण्यासाठी कोकोवर अल्कलीची प्रक्रिया केली, तर त्याचा रंग गडद होतो, पण त्यातील बरीचशी फ्लॅव्हनॉल्स नष्ट होतात, म्हणजे गडद रंगावरूनही काहीच ठरवता येत नाही. साखरेचा हिशेब मात्र नेमका मांडता येतो : जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार २,००० कॅलरींच्या आहारात मुक्त साखर (मुख्यतः पदार्थात वरून घातलेली साखर) ५० ग्रॅमपेक्षा कमी असावी, आणि १०० ग्रॅम मिल्क चॉकलेटमध्ये साधारण तेवढी साखर असते.

कोकोप्रेमी : कॅप्सूलचा मुद्दा मान्य आहे. तरीही आरोग्याचे कारण पुढे केल्यामुळे जर कोणी मिल्क चॉकलेट सोडून कमी साखरेच्या डार्क चॉकलेटकडे वळत असेल, तर तो लाभ खराच आहे.

निरामय : वळल्यावर प्रमाण तेवढेच राहिले, तरच. डार्क चॉकलेटच्या १०० ग्रॅममध्येही सुमारे ६०० कॅलरी असतात, आणि औषधी समजून रोज अर्धी वडी खाणाऱ्याला त्या दिसत नाहीत. चवीसाठी खाणारा दोन तुकड्यांवर थांबू शकतो. गुणासाठी खाणाऱ्याला थांबण्याचे कारणच उरत नाही.